माटुंगा ते उंबरमाळी : गोबर गॅसच्या अनुदानाचा इतिहास

मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर माटुंगा आणि उंबरमाळी ही स्थानके आहेत. जैविक वायूच्या इतिहासात मात्र त्यांच्यामध्ये बरेच अंतर पडले. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले. या प्रयोगात शेण नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

शेणावरचे संयंत्र रुळले ते स्वातंत्र्यानंतर. जशभाई पटेल यांनी विटांच्या विहिरीत शेणकाला भरून त्यावर लोखंडी टाकी पालथी तरंगत ठेवली. वायू साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती वायू शिल्लक आहे हे डोळ्यांनी दिसते. आमच्या मते तिच्या यशाचे निम्मे श्रेय याला आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने हा नमुना १९६० च्या दशकात गावोगावी नेला. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारही जागे झाले आणि १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाला. लोखंडी टाकी महाग आणि गंजणारी, म्हणून १९८४ मध्ये घुमटाचे स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र आले.

अनुदान संयंत्राच्या आकारावर ठरे. अनुसूचित जाती-जमातींना ते अधिक मिळे. देखभालीची हमीही होती. पण राज्यांना वर्षाचे उद्दिष्ट मिळे ते संयंत्रे उभारण्याचे. देशात सुमारे ५० लाख संयंत्रे बांधली गेली.

आता हिशेब उंबरमाळीचा करून पाहू. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि जवळजवळ तेवढेच पाणी. एका जनावराचे दिवसाचे शेण दहा किलो धरले तर पाच जनावरे हवीत. परंतु शहापूर-मुरबाडकडची गुरे दिवसभर रानात चरतात, त्यामुळे गोठ्यात मिळते ते रात्रीचेच शेण. त्यातही भातरोपांसाठी राब भाजायचा तर शेण आणि पातेरा तिकडे जातो. राहिले पाणी. तानसा, वैतरणा, भातसा या मुंबईची तहान भागवणाऱ्या जलाशयांच्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांवर टँकर येतो. हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईला ५० लिटर शेणात ओतायला सांगणार कोण? ज्याच्याकडे गुरेच नाहीत, त्या कातकरी कुटुंबाला तर वाढीव अनुदानाचाही उपयोग नाही. अनुदान विटा-सिमेंटला होते. शेण आणि पाणी ज्याचे त्याने आणायचे.

गुरांवाचूनची वाट देहूच्या डॉ. मापुसकरांनी दाखवली. शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र त्यांनी विकसित केले, म्हणजे माटुंग्याचेच तत्त्व पुन्हा हाती घेतले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये. शौचालय जोडल्यास जादा अनुदान देण्याची सोय सरकारी योजनेतही पुढे झाली. अशा वायूवर भाकरी भाजायला बाया सहसा लगेच तयार होत नाहीत. निळी, बिनवासाची ज्योत स्वतः पाहिल्यावर मात्र काहींचे मन वळते.