रमाईचा त्याग ही शासनाची योजना नव्हे

जयंतीच्या भाषणात आपण एक गोष्ट नेमाने सांगतो. बाबासाहेब परदेशात अठरा-अठरा तास अभ्यास करत होते आणि इकडे रमाई पोटाला चिमटा घेऊन संसार चालवत होत्या. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण या गोष्टीत पैशाचा एक हिशेब आहे, तो कुणी मांडत नाही.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्यावर कोलंबियाचं शिक्षण झालं. लंडनसाठी मुदतवाढ मागावी लागली. ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. तेही सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. निधी तुटला म्हणून संशोधन तीन वर्षं तुटलं. बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले तेव्हा परळच्या चाळीतला संसार रमाईंनी ओढला. संशोधनाचा न दिलेला अर्धा निधी रमाईंनी दिला, असंच म्हणावं लागेल.

यातून बाबासाहेबांनी 'त्याग करा' एवढाच धडा घेतला का? नाही. १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्याच वर्षी लिनलिथगोंपुढे अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं. त्यात शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. तीन लाख रुपये मंजूर झाले, आपली मुलं परदेशी शिकायला गेली. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट बाबासाहेबांनी सरकारी तिजोरीवरचा हक्क केली.

आज तोच हक्क पुन्हा मर्जीवर आणला जातोय. बार्टीच्या २०२१ च्या बॅचमध्ये ८६१ संशोधक होते. सरकार म्हणालं, फेलोशिप फक्त २०० जणांना. २०२३ मध्ये ही पोरं-पोरी आझाद मैदानावर बसली, तेव्हा कुठे सगळ्यांचा विचार झाला. पुढच्या बॅचसाठी २४ डिसेंबर २०२३ ला चाळणी परीक्षा घेतली, तर २०१९ च्या सेटचा पेपरच हातात दिला. परीक्षा रद्द, पुन्हा परीक्षा, पुन्हा गोंधळ. तेवढ्या महिन्यांत प्रबंधाचं किती पान लिहून झालं असेल?

आमच्या बिडकीनहून पैठण रोडने विद्यापीठात जाणारा संशोधक घ्या. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, बोनाफाईड, गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, सहा महिन्यांचा प्रगती अहवाल. एक कागद कमी पडला की फाईल मागे. पैसे येईपर्यंत बाप उसनवारी करतो, बायको शिवणकाम करते, लेकराची फी थकते. संशोधक मुलगी असेल तर सासरी रोज एकच प्रश्न: पैसे कधी येणार, नाहीतर सोड ते. विषयसुद्धा मग बदलतो. ज्याला गावोगाव फिरून क्षेत्रकार्य करायचं असतं, तो ग्रंथालयात बसून होईल असा विषय घेतो. आपल्याच वस्त्यांचा इतिहास अशा वेळी लिहायचा राहून जातो.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी हाल सोसूनच डी.एस्सी. केली. खरंय. पण हालामुळे नाही, हाल असूनही केली. आणि आपल्या मागून येणाऱ्यांना ते हाल सोसावे लागू नयेत म्हणून ते सत्तेत भांडले.

म्हणून मागणी सरळ आहे. जाहिरात दरवर्षी ठरल्या तारखेला निघावी, पात्र असलेल्या प्रत्येकाला नोंदणीच्या तारखेपासून फेलोशिप मिळावी आणि ती महिन्याच्या महिन्याला खात्यात पडावी. आणि आपल्यालाही एक सांगणं: घरात कुणी संशोधन करत असेल, तर चूल, लेकरं, म्हातारी माणसं यांचा भार वाटून घ्या. रमाईंच्या त्यागाला वंदन करायचं, तर आणखी एक रमाई घडवण्याची वेळ येऊ द्यायची नाही.

जय भीम!