तारांकित प्रश्नाची टपालवाट

महाराष्ट्रात वडाळे अनेक. नाशकात वडाळा गाव आहे, नेवाशाकडे वडाळा बहिरोबा, श्रीरामपुराजवळ वडाळा महादेव आणि उत्तर सोलापुरात आणखी एक वडाळा. मुंबईच्या वडाळ्याचे पत्र यांतल्या भलत्याच गावी जाऊन पडले, किंवा पोचलेच नाही, तर जाब कोणाला विचारायचा? या साध्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

प्लेगच्या साथीनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा या भागांत त्याने आखलेल्या भूखंडांचे क्रमांक आजही इथल्या पत्त्यांत सापडतात. ‘प्लॉट नंबर अमुक, शिवडी-वडाळा इस्टेट’ असे लिहिण्याची रीत मोडलेली नाही. त्याच १८९८ सालचा भारतीय टपाल कायदा. त्याच्या सहाव्या कलमाने सरकारने आपली बाजू आधीच राखून ठेवली. पत्र हरवले, चुकीच्या ठिकाणी गेले, उशिरा पोचले किंवा खराब झाले, तर सरकार जबाबदार नाही. जेवढी जबाबदारी सरकारने स्वतःहून पत्करली असेल तेवढीच. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून काही केले असेल तरच तो दोषी. थोडक्यात, पत्राला वाट मिळाली, पण पोचण्याची हमी मिळाली नाही.

न्यायालयाची वाट अशी अरुंद झाल्यावर उरले कायदेमंडळाचे सभागृह. तिथे प्रश्न विचारण्याचा हक्क नुकताच मिळाला होता. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सदस्यांना ही मुभा दिली आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजी कौन्सिलचे सदस्य असलेल्या भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना शिधा पुरवताना गावच्या दुकानदारांना जो जाच होतो, त्याबद्दलचा. म्हणजे प्रश्नाचा जन्मच सरकारी कारभाराच्या रोजच्या तक्रारीतून झाला. पण उत्तर आले की विषय संपला, उपप्रश्नाला जागा नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी दिली, १९१९ च्या सुधारणांनी ती सर्व सदस्यांना मिळाली. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर तारा लावण्याची पद्धतही त्याच सुमारास रुळली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने विषयांची वाटणी केली. टपाल केंद्रसूचीत, नोंद ३१. त्यामुळे वडाळ्याच्या आमदाराने विधान भवनात टपालाचा प्रश्न मांडून भागत नाही. तो दक्षिण-मध्य मुंबईच्या खासदाराने दिल्लीत विचारावा लागतो. तुलनेला वाहनकर घ्या, तो मात्र राज्यसूचीत, नोंद ५७. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर किमतीच्या २० टक्के कर, स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला त्याहून बराच कमी. तो का, हे आमदारानेच विचारायचे. तीच गाडी कंपनीने साहेबाला वापरायला दिली, की साहेबाला मिळालेल्या त्या सुविधेवरचा प्राप्तिकर पुन्हा दिल्लीचा विषय. एका गाडीसाठी दोन सभागृहे, पत्रासाठी मात्र एकच.

सभागृहातील प्रश्नांनी विलंब कमी झाला की नाही हा वादाचा मुद्दा, पण भलत्या गावी जाणाऱ्या पत्रांना खरे उत्तर दिले ते एका अधिकाऱ्याने. दळणवळण मंत्रालयातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित. गावांची सारखी नावे, अनेक लिप्या, न लागणारे अक्षर या गोंधळावर त्यांनी सहा आकडी पिनकोडची तोड काढली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. मुंबईकराला हे फारसे जड गेले नाही. गिरगावातले प्रकाशक आधीपासून ‘मुंबई ४’ लिहीतच होते; त्याआधी ४०००० लागून ४००००४ झाले. वडाळा ४०००३१ झाला, आणि पूर्वेकडच्या भक्ती पार्कपासून अँटॉप हिलपर्यंतचा पट्टा ४०००३७. नेवाशाच्या आणि सोलापूरच्या वडाळ्यांशी होणारी गल्लत आकड्यानेच मिटवली.

कायद्याची भूमिका मात्र जागची हलली नाही. १८९८ चा कायदा रद्द करून संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा टपाल कार्यालय कायदा मंजूर केला, १८ जून २०२४ पासून तो लागू झाला. त्यातही जबाबदारी नाकारणारे कलम आहेच. नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हा कोर्टाच्या नोटिशीपासून नोकरीच्या नेमणूकपत्रापर्यंत सारे आता याच एका सेवेच्या भरवशावर.

म्हणून प्रश्नाचे महत्त्व टिकून आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांतल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळते; पण २३० अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे सभागृहापुढे ठेवली जातात आणि नोंदीत राहतात. तक्रार करणाऱ्याने खासदाराकडे ‘टपाल वेळेवर येत नाही’ एवढेच लिहून थांबू नये. आपल्या पिनकोडमध्ये पोस्टमनच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, गेल्या वर्षी उशिरा पोचलेल्या स्पीड पोस्टसाठी शुल्क किती जणांना परत केले, असे विचारायला लावावे. आकड्यातच उत्तर द्यावे लागेल, असा प्रश्न टोलवणे मंत्र्यालाही अवघड जाते.