कुलपातले कपाट

आमच्या मंडळाच्या वाचनालयात दोन कपाटे आहेत. एक उघडे, दुसरे कुलपाचे. कुलपाच्या कपाटाची किल्ली गेली सहा वर्षे माझ्या कमरेला आहे, हे बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. चित्रे किंवा मजकूर बरा नाही असे वाटले, की ते पुस्तक मी आत ठेवीत असे. गेल्या वर्षी एका घरून जुन्या दिवाळी अंकांचे गाठोडे देणगी म्हणून आले. त्यातले चार अंक मी नुसती मुखपृष्ठे पाहून आत टाकले. माझी मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, न वाचताच तुला कसं कळलं?" मला उत्तर देता येईना. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शेवटी शेजारच्या वकीलसाहेबांकडून काही जुने खटले समजावून घेतले. कळले तेवढे येथे मांडते.

अश्लील मजकूर विकणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाने गुन्हा ठरला. पण अश्लील कशाला म्हणावे, हे त्यात सांगितलेलेच नव्हते. त्याचे माप आले विलायतेहून. १८६८ साली तेथे हिकलिन नावाचा खटला झाला. ज्यांचे मन असल्या गोष्टींनी बिघडण्याजोगे आहे, त्यांच्या हाती पुस्तक पडले तर ते बिघडतील काय, एवढेच पाहावे, असे न्यायमूर्तींनी ठरवले. म्हणजे सर्वांत कच्च्या मनाचे माप सर्वांना लावायचे.

आता कच्चे मन कोणाचे? १९६० साली लंडनमध्ये लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले, की हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा घरच्या नोकरांनी वाचावे असे तुम्हाला वाटेल काय? बारा जणांच्या त्या ज्यूरीत तीन स्त्रिया बसल्या होत्या! त्यांना ऐकताना काय वाटले असेल कोण जाणे. प्रकाशक निर्दोष सुटले. मी वकीलसाहेबांना म्हटले, की किल्ली कमरेला लावून मी तरी दुसरे काय करीत होते? ते नुसते हसले.

त्याच पुस्तकाची मुंबईत वेगळी गत झाली. १९५९ साली पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून एका दुकानातून प्रत विकत घेतली. दुकानाचे एक भागीदार रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. मुल्कराज आनंदांसारख्या लेखकाने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. तरी १९६४ साली शिक्षा कायम झाली. दंड होता वीस रुपये! न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी सांगितले, की कला आणि अश्लीलता एकत्र आल्या तर कला इतकी वरचढ हवी, की अश्लीलता सावलीत जावी. ऐकायला हे पटते, पण वरचढ किती ते मोजायचे कशाने? देवळातील कोरीव कामाला आणि देवाच्या रथावरील चित्रांना मात्र १८६० पासूनच कायद्यात सूट होती. काशीयात्रेच्या वाटेवर आम्ही खजुराहो पाहिले, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी खाली मान घालून चालत होत्या. दगडावर चालते ते कागदावर का चालत नाही, हे मला तेव्हा विचारावेसे वाटले नव्हते.

मग आपल्या मराठीतला खटला. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कादंबरी 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. खालच्या कोर्टाने ती अश्लील नाही असे म्हटले. उच्च न्यायालयाने लेखकाला पंचवीस रुपये दंड केला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत, आणि असे प्रसंग नुसते वाचल्याने तरुण मुले बिघडतातच असे खात्रीने म्हणता येत नाही, असे न्यायमूर्तींनी सांगितले. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन साहित्य, कला व शास्त्र यांच्या हितासाठी असलेल्या लिखाणाला सूट मिळाली. हिकलिनचे माप २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बाजूस ठेवले. दंडसंहिताही आता गेली. १ जुलै २०२४ पासून ते कलम नव्या न्यायसंहितेत २९४ क्रमांकाने आहे.

हे सारे कळल्यावर मी ते चार अंक घरी नेले आणि दुपारची भांडी उरकून एकेक वाचून काढला. दोन नुसते रटाळ निघाले. तिसऱ्यात एका विधवेची गोष्ट होती. तीत शेजेचा प्रसंग आहे, आणि तो काढला तर ती बाई पुढे विहिरीवर का गेली हेच कळणार नाही. मी ती दोनदा वाचली, आणि रडले. चौथ्यात गोष्टीशी संबंध नसलेली चित्रे होती. त्यांत बाई होती, पण तिला तोंडच काढले नव्हते.

तीन अंक मी उघड्या कपाटात ठेवले. चौथा अजून आतच आहे. मुलगी म्हणते, तोही बाहेर ठेवा, ज्याचे त्याला कळेल. मला ते पटत नाही. ते तोंड नसलेले चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. किल्ली मात्र मी चिटणीसबाईंच्या स्वाधीन केली आहे. यापुढे आत काय ठेवायचे ते तिघी जणींनी पुस्तक वाचूनच ठरवायचे, असा ठराव येत्या सभेत मी मांडणार आहे.