संजाणचा मुहम्मद आणि देवीच्या मठाची जमीन

१९५५ साली डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात, समुद्राजवळच्या एका शेतात ताम्रपट सापडले. त्यांवर वेगवेगळ्या काळातली पाच दानपत्रे कोरलेली होती. दिनेशचंद्र सरकार यांनी ती वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केली. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे. दानपत्रांत ज्या ‘संयान’चा उल्लेख येतो ते संजाण थोडे उत्तरेला, आज गुजरातच्या हद्दीत. पण हजार वर्षांपूर्वी ही हद्द नव्हती. हा सारा किनारा एकच मुलूख होता आणि त्याचे नाव संयान मंडल.

पाचांपैकी सर्वांत जुने दानपत्र शके ८४८ चे, म्हणजे इसवी सन ९२६ चे. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता. संयान मंडलाचा कारभार त्याच्या वतीने जो सामंत पाहत होता, त्याचे नाव ताम्रपटात मधुमती असे दिले आहे. त्याचे दुसरे नाव सुगतिप, बाप सहियारहार आणि वंश ताजिक. त्या काळी अरबांना संस्कृतात ताजिक म्हणत. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरयार, असा उलगडा अभ्यासकांनी केला आहे. आधीचा राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला हा मुलूख सांभाळायला दिला होता. म्हणजे मुहम्मद इथे फौज घेऊन आलेला परका सुलतान नव्हता. मान्यखेटच्या राजाने नेमलेला तो अधिकारी होता.

हा प्रकार त्या काळच्या किनाऱ्यावर अजब नव्हता. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले आपले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसरा आणि बगदादचे. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. मसूदी गेला तेव्हा अबू सईद मारूफ बिन जकरिया त्या पदावर होता. मसूदीने आणखी एक शब्द नोंदवला आहे, ‘बयासिरा’. मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदच्या भूमीत जन्मलेले, ते बयासिरा. अकराशे वर्षांपूर्वी कोकणात जन्मलेल्या मुसलमानांची संख्या इतकी होती की त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागत होता, हे लक्षात घ्या.

आता ताम्रपटातला मुहम्मद काय करतो ते पाहू. त्याने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली, असे त्याचे कौतुक आहे. पण कौतुक तिथेच थांबत नाही. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तरी सुरू केल्या. ज्याने खाडीकाठची वस्ती पाहिली आहे त्याला याचे मोल सांगायला नको. खाडीपलीकडचा बाजार समोर दिसतो, पण तरीचे पैसे नसले तर दिवसभराचा वळसा पडतो. त्याने एक अन्नछत्रही घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. राजाच्या वंशाची स्तुती सर्वच दानपत्रांत असते. भाताबरोबर तूप मिळते, हे मात्र क्वचितच कोरलेले असते.

मग येते जमीन. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणला एक मठिका बांधली होती. तिथे दशमी या नावाने भगवतीची पूजा होई. तिच्यासाठी कोलिमहार विषयातले कानडुक हे गाव आणि देवीहार गावातली एक ‘धुर’ जमीन दान देण्यात आली. उत्पन्न कशावर खर्चायचे तेही ठरवून दिले : मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापरिषदेच्या नऊ जणांचे जेवण.

या तीन कलमांशी वक्फची कल्पना जाणणाऱ्या वाचकाची लगेच ओळख पटेल. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना दिलेला सल्ला बुखारीत आहे. मूळ जमीन विकू नये, बक्षीस देऊ नये, वारसांत वाटू नये. उत्पन्न गरीब, नातलग, वाटसरू आणि पाहुणे यांच्यावर खर्च व्हावे. अग्रहार, देवदान आणि वक्फ यांचे कायदे वेगळे, श्रद्धा वेगळ्या. पण मालमत्ता बांधून ठेवायची आणि तिची मिळकत माणसांसाठी वाहती ठेवायची, ही समज एकच. मुहम्मदाला देवीच्या मठाची व्यवस्था समजावून सांगावी लागली नसेल. त्याच दहाव्या शतकात जावा बेटावरही गावांच्या जमिनी करमुक्त करून धर्मस्थानांना दिल्याचे ताम्रपट कोरले जात होते. तिथे अशा जमिनीला ‘सीमा’ म्हणत, हा शब्द आपलाच.

आम्हा घोडेगाव-जुन्नरच्या लोकांना तर अशा दानाचा याहून जुना पुरावा घराजवळ आहे. शिवनेरीच्या पोटातल्या बौद्ध लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. नाणेघाटाने कोकणातली बंदरे जुन्नरला जोडलेली होती. त्या वाटेने बाहेरचा माणूस वर आला आणि त्याने पाणी आणि जेवण यांची सोय केली. मुहम्मदाच्या तरी आणि अन्नछत्र त्याच रांगेत बसतात.

चिंचणीची पुढची दानपत्रे अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत येतात. राज्ये बदलतात, राष्ट्रकूट जातात, शिलाहार येतात, मठिका मात्र टिकून राहते. एका दानपत्रात शेजारच्या देवळाबरोबर जमिनीच्या वार्षिक खंडाचा करार आहे. भिनमाळहून आलेल्या लोकांच्या देवाचे ते देऊळ. शके ९५६ मध्ये, म्हणजे १०३४ साली, शिलाहार छित्तराजाचा सामंत चामुंडराज मठिकेला एक तेलघाणा देतो. तेल देवीच्या दिव्यासाठी आणि येणाऱ्या अभ्यासकांच्या पायांना लावण्यासाठी. हे दान ज्या नागरिकांना जाहीर केले, त्यांत अल्लिय आणि मधुमत ही नावे आहेत, म्हणजे अली आणि मुहम्मद. ‘हंजमन’ही आहे, ज्यात आपण ‘अंजुमन’ ओळखतो. मुहम्मद सामंत जाऊन शंभर वर्षे झाली होती. सत्ता गेली तरी गावच्या प्रतिष्ठितांत मुसलमान होतेच आणि देवीच्या घाण्याची बातमी त्यांनाही सांगणे रीतीचे होते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. नवव्या शतकातला बलाझुरी ‘सिंदान’ची हकीकत देतो. पुष्कळ अभ्यासक सिंदान म्हणजे संजाणच मानतात. खलीफा मामूनच्या काळात तिथे एका अरब सरदाराने सत्ता बसवली आणि जामा मशीद बांधली. पुढे स्थानिकांनी शहर परत घेतले. मशीद मात्र त्यांनी मुसलमानांकडेच राहू दिली. तिथे जुम्म्याची नमाज होत राहिली आणि खलीफासाठी दुआही. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे प्रार्थनास्थळ त्याच्याच हाती ठेवले, हे सांगणारा लेखक हरलेल्या बाजूचा आहे, हे विशेष.

यावरून तो काळ सोन्याचा होता, असे मी म्हणणार नाही. बंदरे लढूनच जिंकली होती. कानडुकच्या कुणब्यांना विचारून त्यांचे गाव मठाला दिले नव्हते. ते पूर्वीसारखेच राबत राहिले, सारा तेवढा राजाऐवजी मठाला जाऊ लागला. ताम्रपटावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते, कसणाऱ्याचे नसते. इतिहास शिकवताना मुलांना हेही सांगायला हवे.

पण वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याला ‘तुम्ही बाहेरून आलात’ म्हणतो, तेव्हा शिक्षकाच्या हातात नुसता उपदेश नसावा, कागद असावा. चिंचणीचा ताम्रपट तो कागद आहे. त्यात अरब वंशाचा मुसलमान आहे, कन्नड मुलखातला राजा आहे, ब्राह्मणाने बांधलेली देवीची मठिका आहे आणि खाडीकाठच्या एका लहान गावाची जमीन आहे. प्रत्येकाचा हक्क लिहून ठेवलेला आहे आणि दुसऱ्याने तो मानलेला आहे.

आपल्या गावांतही असे कागद आहेत. मशिदीच्या दिवाबत्तीची, दर्ग्याच्या उरुसाची, देवळाच्या पूजेची इनामे एकाच दफ्तरात शेजारी शेजारी नोंदलेली सापडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ती मोडीत पडून आहेत. ती वाचायला मोडी आणि फारसी दोन्ही येणारी माणसे लागतील. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणारी आपली मुले हे काम इतरांपेक्षा लवकर शिकतील. सुट्टीत चार मुलांना मोडीची बाराखडी शिकवली, तरी सुरुवात होईल.