स्मृतिभ्रंशात घास तोंडातच का राहतो?

घास चावून गिळणे ही सहज क्रिया वाटत असली, तरी तिच्यासाठी मेंदूशी निगडित मज्जातंतूंच्या पाच जोड्या आणि जबडा, जीभ व घशातील अनेक स्नायू एकाच लयीत चालावे लागतात. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाऊन मिटते आणि अन्न श्वासनलिकेत जात नाही.

वाढत्या वयात ही लय मंदावते. दात पडतात, जिभेचा जोर घटतो, काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते आणि गिळण्याची क्रिया किंचित उशिरा सुरू होते. निरोगी वृद्ध व्यक्ती लहान घास घेऊन, सावकाश चावून ही उणीव भरून काढते. स्मृतिभ्रंशात मात्र हे भानच हरपत जाते.

आजाराच्या प्रकारानुसार अडचणीही बदलतात. अल्झायमरमध्ये रुग्ण घास तोंडात धरून बसतो. पुढे काय करायचे हेच त्याला उमगत नाही. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात चावणे आणि घास एकवटणे कठीण जाते. मेंदूचा पुढचा भाग बाधित झाल्यास काही रुग्ण घाईघाईने तोंड भरून खातात.

सर्वांत मोठा धोका अन्नकण फुप्फुसांत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचा असतो. अनेकदा असे अन्न जाताना ठसकाही लागत नाही. त्यामुळे जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, वारंवार ताप येणे आणि वजन घटणे ही लक्षणे महत्त्वाची ठरतात. ती आढळल्यास डॉक्टर व वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते.

जेवताना रुग्णाला ताठ बसवावे, दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. कोरडे चुरमुरे किंवा पातळ आमटीतील भाताची शिते अनेकांना त्रासदायक ठरतात. मऊ, एकजीव अन्न तुलनेने सुलभ जाते. तोंडाची नियमित स्वच्छता न्यूमोनियाचा धोका कमी करण्यास साहाय्यभूत ठरते.

आजाराच्या अखेरच्या टप्प्यात नळीने अन्न देण्याचा पर्याय पुढे येतो. मात्र त्यामुळे न्यूमोनिया टळतो किंवा आयुष्य वाढते, असे दिसून आलेले नाही. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीने अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने, काळजीपूर्वक भरवण्याची शिफारस केली आहे.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्तवण्यात आला. त्यांपैकी अनेकांची शुश्रूषा घरीच होते. घास तोंडात धरून ठेवणे हा हट्ट नसून आजाराचे लक्षण आहे, हे घरच्यांनी ओळखले तर बळजबरीने भरवणे आणि त्यातून उद्भवणारा धोका टळू शकतो.