क्रियाविशेषणाची फोड (इंग्रजी)

लांबलचक इंग्रजी क्रियाविशेषण दोन तऱ्हांनी फोडता येते. एक फोड उच्चारी अक्षरांची, कानाने करायची. दुसरी घटकांची, म्हणजे उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे काढायची. दोन्हींचे तुकडे एकाच जागी पडतीलच असे नाही.

‘अनफॉर्च्युनेटली’ घ्या. उच्चारी अक्षरे पाच : अन्-फॉर्-च्यु-नेट्-ली. आघात दुसऱ्यावर. घटक मात्र चार : नकाराचा ‘अन्’, लॅटिन मुळाचे ‘फॉर्च्युन’, त्याचे विशेषण करणारा ‘एट’ आणि शेवटी ‘ली’. ‘नेट्’ कानाला अखंड वाटते. पण त्यातला न् ‘फॉर्च्युन’चा आणि उरलेला भाग प्रत्ययाचा. अर्थाची रेघ अक्षराच्या पोटातूनच जाते.

देवनागरीचा हिशेब तिसराच : अ-न-फॉ-र्च्यु-ने-ट-ली, अक्षरे सात. ‘फॉर्’मधला र् रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, कान मात्र त्याला मागेच ठेवतो. आपल्या छंदशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. ‘सत्य’ म्हणताना त् मागच्या ‘स’ला चिकटतो, म्हणून ऱ्हस्व असूनही तो ‘स’ गुरू. शाळेत वृत्तांचे गण पाडलेल्याला इंग्रजीची अक्षरफोड निम्मी आधीच येत असते.

मराठी बोलण्यात सर्रास येणाऱ्या ‘बेसिकली’त घटक चार (बेस, इक, अल, ली), उच्चारी अक्षरे तीनच. ‘अल’ स्पेलिंगात टिकतो, तोंडात विरतो. मुलांचे स्पेलिंग चुकते ते नेमके इथे.

‘ली’सारखे क्रियाविशेषण घडवणारे प्रत्यय इतर भाषांतही असतात, म्हणून देगलूरसारख्या सीमेवरच्या गावात ते अनोळखी नसतात. नांदेड जिल्ह्यातला हा तालुका तेलंगण आणि कर्नाटकाला लागून आहे, 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, दखनी कानावर पडतेच. सावकाश या अर्थी तेलुगूत ‘नेम्मदि’ला ‘गा’ लागून ‘नेम्मदिगा’, कन्नडमध्ये ‘निधान’ला ‘आगि’ लागून ‘निधानवागि’. आपल्याकडे ‘शांत’चे ‘शांतपणे’. ‘गा’ आणि ‘आगि’ दोन्ही ‘होणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेले. ‘ली’चे मूळ मात्र जुन्या इंग्रजीतल्या देह किंवा रूप या अर्थाच्या नामात.

‘निधानवागि’तला व् ना ‘निधान’चा, ना ‘आगि’चा. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो मध्ये आला. घटक मोजताना त्याला वगळतात. अक्षरे पाडताना मात्र नि-धा-न-वा-गि असा तो धरावाच लागतो.