पात्रांची दृष्टी आणि निर्णयाचा आधार

नाटक शिकविताना 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' हाच प्रश्न अग्रक्रमाने विचारला, तर पात्रांच्या दृष्टिकोनांतील अंतर झाकले जाते. या अंतरालाही इतिहास आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा पदांतून कथा पुढे नेण्याचे काम प्रामुख्याने सूत्रधाराकडे होते. पात्रांची भाषणे बरीचशी उत्स्फूर्त असत. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा'त (1899) मात्र एकाच विवाहाकडे पाहणाऱ्या अनेक दृष्टी परस्परांसमोर उभ्या राहतात. कांचनभटाला त्यात द्रव्य दिसते, भद्रेश्वर दीक्षिताला दलाली, वृद्ध भुजंगनाथाला तारुण्य, तर शारदेला सर्वनाश.

सातारा-सांगली परिसरातील पदव्युत्तर वर्गातही ही संहिता 'बाला-जरठ विवाहाविरुद्धचे नाटक' एवढ्या वर्णनावर संपविली, तर एक कळीची गोष्ट निसटते. हे लग्न शारदेच्या नकाराने मोडत नाही. वधूवर सगोत्र असल्याचा कोदंडाचा आक्षेप ते थांबवितो. जिची व्यथा प्रेक्षक ऐकतात तिच्या शब्दाला मंडपात किंमत नाही. ती आहे शास्त्राधाराला. सगोत्र विवाहाची कायदेशीर आडकाठी 1946 मध्ये दूर झाली. म्हणूनच त्या आक्षेपाचे वजन आजच्या विद्यार्थ्याला उलगडून दाखवावे लागते. दृष्टिकोनाचे विश्लेषण म्हणजे कोण काय पाहतो याची केवळ नोंद नव्हे. कोणाचे पाहणे त्या नाट्यसृष्टीत निर्णायक ठरते आणि कशाच्या बळावर, याचा तो शोध होय.